गृहनिर्माण संस्थेचे दप्तर : कागद दाखल होण्यापासून नष्ट होईपर्यंत

सहकारी गृहनिर्माण संस्थेची कागदपत्रे एरवी वर्षानुवर्षे कोणाला लागत नाहीत, पण ज्या दिवशी लागतात त्या दिवशी ती सगळीच्या सगळी आणि तातडीने लागतात. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकासकाने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून दिली नसेल तर ती शासनाच्या सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत करून घेण्याचा, अर्ज करायचे ठरते, इमारत पुनर्विकासाला जाते, एखाद्या सभासदाच्या निधनानंतर वारसांत वाद उभा राहतो किंवा उपनिबंधक कार्यालयाकडून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 83 खालील चौकशी लागते. मग तीस वर्षांपूर्वीचे मंजूर नकाशे, पहिल्या खरेदीदाराचा करारनामा, सर्वसाधारण सभेचे एखादे जुने इतिवृत्त यांचा शोध सुरू होतो. अशा वेळी होणारी धावपळ बहुतेकदा हलगर्जीपणातून आलेली नसते. कोणता कागद किती वर्षे ठेवायचा, तो कोणाच्या ताब्यात असावा आणि मुदत संपल्यावर त्याचे काय करायचे, हे संस्थेने कधी ठरवलेलेच नसते. हा निर्णय कागद संस्थेत येतो किंवा तयार होतो त्याच दिवशी झाला पाहिजे. कपाट भरल्यावर तो घ्यायला बसले की जागा किती उरली एवढा एकच निकष शिल्लक राहतो, आणि जागेच्या निकषावर फेकलेल्या कागदांत नेमके नको ते निघून जातात.

यासाठी नवी पद्धत शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे वर्गीकरण फार पूर्वीपासून चालत आले आहे : 'अ' वर्ग कायमस्वरूपी, 'ब' वर्ग 30 वर्षे, 'क' वर्ग 10 वर्षे, 'क-1' वर्ग 5 वर्षे आणि 'ड' वर्ग 1 वर्ष. मुदत संपलेले कागद वेगळे काढून त्यांची रीतसर विल्हेवाट लावण्याला तेथे निंदणीकरण म्हणतात. गृहनिर्माण संस्थेला ही व्यवस्था कायद्याने लागू नाही, परंतु तिच्यासारखी सोपी आणि आपल्याकडच्या कारकुनापासून लेखापरीक्षकापर्यंत सर्वांना समजणारी दुसरी चौकट नाही. म्हणून पुढील सर्व सूचना तिच्याच आधाराने दिल्या आहेत.

पहिले काम : वर्ग ठरवणारा तक्ता

व्यवस्थापक समितीने सर्वप्रथम एका बैठकीत संस्थेकडे कोणत्या प्रकारचे कागद असतात त्याची यादी करावी आणि प्रत्येक प्रकारासमोर वर्ग, जतन कालावधी व जबाबदार पदाधिकारी लिहावा. यादीत कागदाचा प्रकार येतो, सुटा कागद येत नाही, त्यामुळे ती लांबत नाही आणि साधारणतः दोन पानांत मावते. तक्ता लेखापरीक्षकाला दाखवून, त्याच्या सूचना घेऊन सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा व ठरावाने मंजूर करून घ्यावा. ठरावाचा आग्रह अशासाठी की पुढे एखादा कागद नष्ट केल्याबद्दल कोणी विचारणा केली, तर तो एका सचिवाच्या मर्जीने गेला नाही, सभासदांनी मान्य केलेल्या नियमाने गेला, हे दाखवता येते.

'अ' वर्गात काय घ्यावे याविषयी कंजुषी करू नये. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर उपविधी व त्यांतील दुरुस्त्या, जमिनीचे व इमारतीचे सर्व दस्तऐवज, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशे, अभिहस्तांतरणाचा दस्त, 'आय' नमुन्यातील सभासद नोंदवही, 'जे' नमुन्यातील सभासदांची यादी, भाग नोंदवही, नामनिर्देशन नोंदवही, सर्वसाधारण सभा व व्यवस्थापक समिती यांची इतिवृत्त पुस्तके, वार्षिक ताळेबंद आणि लेखापरीक्षण अहवाल हे सारे कायमस्वरूपी आहे. प्रत्येक सदनिकेची स्वतंत्र फाइलही याच वर्गात मोडते. तिच्यात करारनामा, सूची क्रमांक 2 (नोंदणी कार्यालयाने दिलेला दस्ताचा गोषवारा), सभासदत्वाचा अर्ज, नामनिर्देशनपत्र, भाग प्रमाणपत्राच्या हस्तांतरणाची कागदपत्रे आणि बँकेने कर्जापोटी नोंदवलेला बोजा अशा क्रमाने कागद लावावेत. सदनिका विकली गेली तरी फाइल तीच राहते, फक्त सभासदाचे नाव बदलते. फाइल माणसाच्या नावाने न उघडता सदनिकेच्या क्रमांकाने उघडावी, याचे कारण हेच.

संरचनात्मक तपासणीचे अहवाल मी 'अ' वर्गातच ठेवण्याच्या मताचा आहे. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीची तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावी लागते. नवा अहवाल आला की जुना निरुपयोगी झाला असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात अभियंत्याला एकच तडा दोन अहवालांत कसा नोंदला आहे हेच पाहायचे असते, आणि इमारत दुरुस्त करावी की पाडावी या वादात जुन्या अहवालांची मालिका कोणत्याही भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडते.

'ब' वर्गात मोठ्या दुरुस्त्यांचे कंत्राट, जलरोधक कामाची हमी, लिफ्ट बसवल्याचे कागद, सिंकिंग फंडाच्या (भविष्यातील मोठ्या दुरुस्त्या व पुनर्बांधणीसाठीच्या राखीव निधीच्या) गुंतवणुकीच्या नोंदी यांचा समावेश करावा. 'क' वर्गात रोकड वही, खतावणी, पावत्यांची स्थळप्रत, प्रमाणके आणि बँकेची खातेपत्रके येतात. येथे एक खबरदारी घ्यावी. संस्था वस्तू व सेवा कराखाली नोंदलेली असेल, तर केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे लेखे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवणे बंधनकारक आहे. दहा वर्षांची मर्यादा धरली की हे बंधन आपोआप पाळले जाते आणि जुन्या थकबाकीच्या वादातही हाताशी पुरावा राहतो. 'क-1' मध्ये सर्वसाधारण पत्रव्यवहार, मिळालेली पण न स्वीकारलेली दरपत्रके आणि तक्रारअर्ज घ्यावेत. 'ड' मध्ये सूचनाफलकावरील परिपत्रके, प्रवेशद्वारावरील अभ्यागत नोंदवही, सभागृहाच्या आरक्षणाचे अर्ज अशी वर्षभरात निरर्थक होणारी कागदपत्रे जातात.

कागद आत येताना

टपालाने, हाती किंवा ईमेलने आलेला प्रत्येक अर्ज त्याच दिवशी आवक नोंदवहीत चढला पाहिजे. तारीख, आवक क्रमांक, पाठवणाऱ्याचे नाव व सदनिका, विषय, वर्ग आणि कोणत्या फाइलीत लावला, असे सहा रकाने पुरेसे आहेत. वर्गाचा रकाना बहुतेक छापील वह्यांत नसतो, तो हाताने आखून घ्यावा, कारण पुढची सगळी व्यवस्था त्या एका अक्षरावर चालते. जावक नोंदवहीत हेच करावे आणि पोच घेतलेली स्थळप्रत संबंधित फाइलीत लगेच लावावी. 'नंतर लावू' म्हणून ट्रेमध्ये साठलेल्या कागदांवर कोणाचेच लक्ष राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. सदनिका क्रमांक 302 मधील सभासदाने वरच्या मजल्यावरून होणाऱ्या गळतीची लेखी तक्रार दिली. तिला आवक क्रमांक पडला आणि 'क-1' वर्ग मिळाला. समितीने पाहणी केली, अभियंत्याला बोलावले, त्याने स्लॅबमधील सळ्या गंजल्याचे लिहून दिले आणि सर्वसाधारण सभेने दुरुस्तीचा खर्च मंजूर केला. आता हे प्रकरण साधी तक्रार राहिले नाही, त्यातून इमारतीच्या सांगाड्याविषयीचा पुरावा तयार झाला. म्हणून प्रकरण बंद करताना सचिवाने मुखपृष्ठावर वर्ग बदलून 'अ' लिहावा, खाली तारीख व सही करावी आणि आवक नोंदवहीतही तशी दुरुस्ती करावी. वर्ग जन्मतः ठरतो, पण प्रकरण बंद होताना तो पुन्हा एकदा तपासायचा असतो. हे दुसरे पाऊल वगळले, तर पाच वर्षांनी निंदणीकरणात नेमका हाच अहवाल फाडला जाईल.

चालू प्रकरणे टेबलावर कशी ठेवावीत यासाठी शासकीय कार्यालयांतील सहा गठ्ठ्यांची पद्धत थोड्या फरकाने वापरता येते. तिच्यात स्वतः कार्यवाही करायची प्रलंबित प्रकरणे, बाहेरून उत्तराची प्रतीक्षा असलेली प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची बंद प्रकरणे आणि नष्ट करायचे 'ड' वर्गाचे कागद असे सहा गठ्ठे असतात. लहान संस्थेत सहा पुठ्ठ्याच्या फाइली पुरतात. आठवड्यातून एकदा सचिवाने दुसरा गठ्ठा उघडून स्मरणपत्रे काढली, तरी महानगरपालिका किंवा वीज कंपनीकडे अडकलेली निम्मी कामे हलतात.

व्हॉट्सॲपवरचे निर्णय आणि सचिवाचा फोन

गेल्या काही वर्षांत संस्थांचे दप्तर कपाटातून निसटून फोनमध्ये गेले आहे, आणि माझ्या मते आज सर्वांत मोठी गळती तेथेच आहे. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीला समितीच्या पाच जणांनी गटात अंगठा दाखवला, काम झाले, देयक चुकते झाले आणि ठराव मात्र कोठेच नाही. लेखापरीक्षक आक्षेप घेतो तेव्हा तो संदेश शोधावा लागतो, आणि तोवर फोन बदललेला असतो. यावर उपाय सोपा आहे. तातडीचा निर्णय फोनवर घ्यावाच लागला, तर त्या संभाषणाची प्रत काढून ती पुढच्या समिती बैठकीच्या कार्यसूचीला जोडावी, निर्णय कार्योत्तर मंजुरीसाठी मांडावा आणि इतिवृत्तात लिहावा. इतिवृत्तात न आलेला निर्णय झालाच नाही असे समजून वागण्याची सवय समितीने लावून घ्यावी.

ईमेल खाते संस्थेच्या नावाचे असावे, सचिवाच्या नावाचे नव्हे. येथपर्यंत बहुतेक संस्था आता पोहोचल्या आहेत, परंतु त्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक सचिवाचा स्वतःचाच असतो आणि नवी समिती आल्यावर एकवेळचा संकेतांक जुन्या सचिवाच्या फोनवर जात राहतो. संस्थेच्या नावाने एक सिमकार्ड घ्यावे. बँक, वीज देयक, कर विवरणपत्रे, हिशेबाचे सॉफ्टवेअर, प्रवेशद्वाराचे ॲप या सर्व ठिकाणी तोच क्रमांक द्यावा. संकेतशब्द एका बंद लिफाफ्यात अध्यक्षांच्या सहीने मोहोरबंद करून तिजोरीत ठेवावेत आणि बदलले की लिफाफाही बदलावा.

संगणकावरील फाइलींना नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, त्यानंतर विषय आणि कागदाचा प्रकार असा क्रम ठेवावा, जसे '2024-07-15 टाकी-दुरुस्ती कार्यादेश'. या क्रमाने नावे दिली की संगणक ती आपोआप कालक्रमाने लावतो. 'नवीन', 'अंतिम', 'अंतिम-2' अशी नावे पूर्णपणे बंद करावीत. 'अ' वर्गाचे सर्व कागद 300 डीपीआय स्कॅन करून पीडीएफ-ए या दीर्घकालीन जतनासाठी बनवलेल्या स्वरूपात ठेवावेत. त्यांच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक इमारतीच्या बाहेर. वर्षातून एकदा ती बाहेरची प्रत उघडून चार-दोन कागद वाचता येतात का ते पाहावे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पुरेसा मानू नये, कारण दहा वर्षांनी ते सॉफ्टवेअर चालेलच असे नाही. वर्ष बंद होताच खतावणी व ताळेबंद यांची पीडीएफ काढून घ्यावी.

जपणूक

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतील असंख्य इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरले. संस्थांची कार्यालये बहुधा तळमजल्यावरच असतात. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागून शासनाच्या फाइली जळाल्या, त्यामुळे वरचा मजला म्हणजे सुरक्षित असेही समजण्याचे कारण नाही. 'अ' वर्गाचे मूळ दस्तऐवज बँकेच्या लॉकरमध्ये संस्थेच्या नावाने ठेवावेत आणि कार्यालयात त्यांच्या छायाप्रतींवर काम करावे. उरलेल्या कागदांसाठी लोखंडी कपाट भिंतीपासून थोडे पुढे आणि जमिनीपासून एक वीत वर असावे, पंपघराशेजारी नसावे. पावसाळ्याआधी व नंतर वाळवी आणि कसर लागली आहे का ते पाहावे.

फाइल बंद करताना टाचण्या व स्टेपल काढून टाकाव्यात, त्या गंजतात आणि कागदाला खातात. रबरबँड उन्हाळ्यात वितळून चिकटतो, म्हणून सुती फीत वापरावी. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नये. दुकानातून मिळणाऱ्या थर्मल कागदावरील पावत्या काही महिन्यांतच कोऱ्या होतात, म्हणून त्यांची छायाप्रत काढून दोन्ही एकत्र लावाव्यात. प्रत्येक फाइलीला पृष्ठ क्रमांक घालावेत आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका ठेवावी, कारण क्रमांक नसलेल्या फाइलीतून एखादे पान गेले तर ते गेल्याचे सिद्धही करता येत नाही.

पाहण्याचा हक्क आणि खासगी माहिती

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने सभासदाला संस्थेचे दप्तर पाहण्याचा व शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क दिला आहे. तो नाकारण्याची वृत्ती चुकीची आहे. सभासदाने दप्तर पाहिल्याची नोंद एका वहीत घ्यावी, पाहताना समितीचा एक सदस्य समोर असावा आणि मूळ कागद कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नये. असे केले की वादाचे कारण उरत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. संस्थांकडे आधार कार्डाच्या प्रती, भाडेकरूंची छायाचित्रे, अभ्यागतांचे मोबाइल क्रमांक आणि सीसीटीव्हीचे चित्रण भरमसाट साठलेले असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. ज्या हेतूने माहिती घेतली तो हेतू संपला की माहिती पुसावी, हे या कायद्याचे मूळ सूत्र आहे. आधारची प्रत घ्यायचीच असेल तर शेवटचे चार अंकच दिसणारी मास्क्ड प्रत घ्यावी. भाडेकरू गेल्यावर त्याच्या ओळखपत्राची प्रत किती दिवसांनी नष्ट करायची ते तक्त्यात लिहून ठेवावे. सीसीटीव्हीचे चित्रण यंत्र काही दिवसांनी स्वतःच पुसत असते, म्हणून चोरी किंवा अपघात घडला तर त्याच दिवशी तेवढा भाग वेगळा काढून प्रकरणाच्या फाइलीला जोडावा.

समिती बदलताना

पाच वर्षांनी समिती बदलते आणि सर्वाधिक कागद याच वेळी हरवतात. नव्या समितीकडे दप्तर सोपवण्याचे बंधन अधिनियमाच्या कलम 160 ने घातले आहे आणि दप्तर दडवले किंवा नष्ट होण्याची भीती असेल, तर ते ताब्यात घेण्याची तरतूद कलम 80 मध्ये आहे. मात्र तेथवर जाण्याची वेळ येऊ नये. निवडणुकीची घोषणा होताच जुन्या सचिवाने नोंदवह्या, फाइली, किल्ल्या, शिक्के, बँक व ईमेल खाती, हार्ड डिस्क यांची यादी करायला घ्यावी. हस्तांतरणाच्या दिवशी दोन्ही समित्यांनी यादीतील एकेक वस्तू समोर ठेवून खूण करावी आणि जे सापडत नाही त्यापुढे 'उपलब्ध नाही' असे स्पष्ट लिहावे. संकोचापोटी हा शेरा टाळू नये. त्या दिवशी न लिहिलेली उणीव पुढे नव्या समितीच्या माथी येते.

निंदणीकरण

लेखापरीक्षण पूर्ण झाल्यानंतर आणि 'ओ' नमुन्यातील दोषदुरुस्ती अहवाल पाठवल्यानंतर, वर्षातून एकदाच हे काम करावे. मुदत संपलेल्या कागदांची यादी करून समितीच्या बैठकीत वाचावी आणि पंधरा दिवस सूचनाफलकावर लावावी, म्हणजे एखाद्या सभासदाला काही ठेवावे असे वाटल्यास तो सांगू शकेल. सहकार न्यायालयात वाद, थकबाकीची वसुली, चौकशी किंवा पोलीस तक्रार चालू असलेल्या कोणत्याही विषयाचा एकही कागद, मुदत संपली असली तरी, या यादीत येता कामा नये. पुनर्विकासाची प्रक्रिया सुरू झाली असेल, तर ती संपेपर्यंत निंदणीकरणच थांबवावे. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार चालणाऱ्या या प्रक्रियेत सभेचे चित्रीकरणही दप्तराचा भाग होते आणि कोणता जुना पत्रव्यवहार उद्या आवश्यक ठरेल ते आधी सांगता येत नाही.

कागद अखंड स्वरूपात रद्दीवाल्याला देऊ नयेत. ते श्रेडरमधून काढावेत किंवा समितीच्या दोन सदस्यांसमोर भिजवून लगदा करावेत. संगणकावरील फाइली मूळ जागेतून, बॅकअपमधून आणि कचरापेटीतून अशा तिन्ही ठिकाणांहून पुसाव्यात. नष्ट केलेल्या कागदांची यादी, ठरावाचा क्रमांक आणि साक्षीदारांच्या सह्या यांची फाइल 'अ' वर्गात कायम राहते.

जेथे दप्तर आधीच विस्कळीत आहे

जुने सगळे लावून होईपर्यंत नवी पद्धत सुरू करायची नाही, असे ठरवणाऱ्या संस्था कधीच सुरुवात करत नाहीत. आजच्या तारखेपासून आवक नोंदवहीत वर्ग लिहायला लागावे आणि मागचे काम फक्त 'अ' वर्गापुरते हाती घ्यावे. हरवलेल्या बहुतेक महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत कोठे ना कोठे असते. करारनामे व सूची क्रमांक 2 दुय्यम निबंधक कार्यालयात आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमध्ये मिळतात, मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात, नोंदणीचे कागद व उपविधी उपनिबंधक कार्यालयात. मंजूर नकाशे, प्रारंभ प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र यांसाठी महानगरपालिकेकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो, कारण ती सार्वजनिक प्राधिकरण आहे, आणि त्यावर तीस दिवसांत उत्तर देणे तिला बंधनकारक आहे. मानीव अभिहस्तांतरणाचा विचार असेल तर हे अर्ज वकील नेमण्याआधीच करून ठेवावेत. मिळालेली प्रमाणित प्रत फाइलीत लावताना ती कोणत्या कार्यालयातून, कोणत्या अर्जावर आणि कोणत्या तारखेला मिळाली ते मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहावे, म्हणजे तीच प्रत पुन्हा हरवली तरी नव्या सचिवाला अर्ज कोठे करायचा ते शोधत बसावे लागणार नाही.